आंब्रोळी ते चौपाटी : विल्सन महाविद्यालयाची वाटचाल

गिरगाव चौपाटीवर भेळेचा द्रोण हातात घेऊन समुद्राकडे पाठ केली, की रस्त्यापलीकडे टोकदार कमानींची, काळपट दगडांची आमच्या महाविद्यालयाची इमारत समोर येते. मुंबईत न राहिलेल्यांनीही ती हिंदी चित्रपटांत पाहिली असण्याचा संभव आहे. पण आमचे महाविद्यालय या इमारतीहून 57 वर्षांनी मोठे आहे आणि त्याची पाळेमुळे मुंबईतही नाहीत. ती एकीकडे स्कॉटलंडच्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आहेत आणि दुसरीकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै-बाणकोटच्या किनाऱ्यावर. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितले म्हणून हा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा आम्हालाही हे नव्याने कळले.

1820चे दशक : विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी

सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तेव्हा टॉमस चामर्स नीतिशास्त्र शिकवीत. त्यांच्या वर्गातल्या काही मुलांनी मिशनकार्याचा विचार करण्यासाठी एक विद्यार्थी मंडळ काढले. त्यात सहा मित्र होते. त्यांतला जॉन अर्कार्ट हा सर्वांत उत्साही मुलगा अठराव्या वर्षीच वारला. उरलेले पाचही पुढे हिंदुस्थानात आले. अलेक्झांडर डफ कलकत्त्याला गेले. रॉबर्ट नेसबिट 1827 साली आपल्याकडे आले. त्याच सुमारास एडिनबरा विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकणाऱ्या जॉन विल्सन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने असेच विद्यार्थी मंडळ उभारण्यात पुढाकार घेतला होता. विल्सन यांचा जन्म 1804 सालचा, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या लॉडर गावचा. आपल्या संस्थेचे मूळ कोणा श्रीमंताच्या देणगीत किंवा सरकारी हुकमात नाही. विशीतल्या मुलांच्या चर्चांत ते आहे, हे आजच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल 1823 साली मुंबई इलाख्यात आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्या मागून आलेल्यांनी दक्षिण कोकणात, बाणकोट आणि हर्णै येथे ठाणी करून गावोगाव मराठी शाळा काढल्या. पुढे सामवेदाचे भाषांतर करणारे आणि मराठीचे व्याकरण लिहिणारे जॉन स्टीव्हन्सन याच मंडळींतले. विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट फेब्रुवारी 1829 मध्ये मुंबईत उतरले आणि मराठी शिकण्यासाठी थेट हर्णैला गेले. समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर माडांच्या वाड्या, भाषेचे उच्चार घटवून घेणारे शास्त्री. काही महिन्यांत विल्सन मराठीतून बोलू लागले.

आलेल्यांनी आधी विद्यार्थी व्हायचे हा या मंडळींचा परिपाठ होता. विल्सन यांनी मराठीपाठोपाठ गुजराती, हिंदुस्थानी, फारसी आणि संस्कृत हाती घेतली. नेसबिट यांच्या मराठीची तर त्या काळी ख्याती होती. त्यांना शिकवणारे शास्त्री आणि मुनशी मात्र इतिहासात बहुधा निनावीच राहिले. संस्थेच्या संस्थापकांची यादी करायची झाली, तर त्या निनावी गुरूंसाठी पहिली ओळ मोकळी सोडावी, असे आम्हाला वाटते.

1830चे दशक : वाद आणि शाळा

विल्सन दांपत्य 1829च्या अखेरीस मुंबईला परतले. मार्गारेटबाईंनी लगोलग मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलीने अक्षर गिरवले तर अनर्थ होईल, असे मानणारा तो काळ. अशा काळात त्यांनी घरोघर फिरून मुली जमवल्या. 1832 साली सुरू झालेली आणि आज गावदेवीत असलेली सेंट कोलंबा शाळा हा त्याच कामाचा वारसा आहे. 1835 साली त्या मुंबईतच वारल्या. या शहरात त्यांना जेमतेम सहा वर्षे मिळाली. आमच्या महाविद्यालयाच्या इतिहासांत त्यांना सहसा एक ओळ मिळते. ती कमी आहे, हे येथे नमूद करतो.

विल्सन यांचा पिंड वादपटूचा होता. 1830 साली त्यांनी ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक सुरू केले. त्याच सुमारास मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वादविवाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ ही पुस्तिका लिहून आपली बाजू मांडली. विल्सन यांनी 1832 साली उत्तर छापले आणि त्या उत्तराच्या आधी मोरभटांच्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतरही जोडले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरते छापायचे आणि मग खोडायचे, ही चाल आजच्या वादपटूंनीही उचलण्यासारखी आहे. विल्सन यांची भाषा मात्र मवाळ नव्हती. आज ती वाचताना मनाला टोचते, हे लपवण्यात अर्थ नाही. पारशी आणि मुसलमान पंडितांशीही त्यांनी असेच वाद घातले.

29 मार्च 1832 रोजी इंग्रजी शाळा सुरू झाली. गिरगावातल्या आंब्रोळीच्या नावाने ती ओळखली गेली आणि हाच आमचा स्थापना दिवस. कलकत्त्यात डफ यांनी सगळा भर इंग्रजीवर दिला होता. विल्सन यांचे मत निराळे होते. इंग्रजी हवीच, पण मुलाचे मन त्याच्या मातृभाषेत असते, तेव्हा मराठी आणि गुजराती सोडून चालणार नाही. आंब्रोळीत गणित, भूगोल, इंग्रजी यांच्या जोडीला देशी भाषा होत्या आणि पवित्र शास्त्राचा तास रोजचा होता. त्या तासासाठीच शाळा काढली होती, हे कोणी लपवले नाही. पालकांनाही ते ठाऊक होते. इंग्रजी शिकून नोकरी मिळते, मग एक तास बायबल ऐकून घेतले तर काय बिघडले, असा व्यवहारी हिशेब गिरगाव आणि फोर्टातल्या घरांनी केला. बराच काळ तो बरोबरही ठरला.

1835 साली मिशनरी मंडळी स्कॉटिश मिशनरी सोसायटीकडून चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेच्या, म्हणजे जनरल असेंब्लीच्या, कारभाराखाली आली आणि शाळेचे नाव ‘जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन’ झाले. या बदलामागे जी पत्रापत्री आणि कुरबूर झाली, तिचा पाढा येथे वाचण्याचे कारण नाही. त्याच वर्षी विल्सन गिरनारला गेले आणि तेथील शिलालेखाची नक्कल जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचण्यास त्यांची मोठी मदत झाली. अशोकाचे लेख उलगडले त्यात आमच्या संस्थापकांचाही हातभार आहे, ही गोष्ट आमच्या इतिहास विभागाने अभिमानाने सांगावी.

मग 1839 साल उजाडले. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी मे महिन्यात बाप्तिस्मा घेतला. मुंबईत एकच खळबळ उडाली. धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी नातेवाईक सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा मुलगा आपला निर्णय स्वतः घेण्याइतका जाणता आहे, असा निकाल लागला. पारशी मुले शाळेतून एकजात काढून घेतली गेली आणि इतर समाजांनीही हात आखडता घेतला. वर्ग ओस पडले. ज्या कामासाठी शाळा काढली, ते काम साधले की शाळा रिकामी होते, हा पेच संस्थेपुढे प्रथम त्या वर्षी उभा राहिला. पुढची शंभर वर्षे तो सुटला नाही.

1840चे दशक : कसोटी

या दशकात शाळेला दोन धक्के बसले, एक बाहेरून आणि एक घरातून.

घरचा धक्का एडिनबरातून आला. 18 मे 1843 रोजी चर्च ऑफ स्कॉटलंडमधून मोठा गट बाहेर पडला आणि त्याने फ्री चर्च स्थापन केले. वादाचा विषय स्कॉटलंडमधल्या मंडळ्यांनी आपला पाळक निवडण्याच्या अधिकाराचा होता; मुंबईच्या मुलांना त्याचे सोयरसुतक नव्हते. पण हिंदुस्थानातले या चर्चचे सर्व मिशनरी फ्री चर्चकडे गेले आणि इमारत, पुस्तके, उपकरणे यांच्यावर पाणी सोडून त्यांना बाहेर पडावे लागले. विल्सन तेव्हा रजेवर मायदेशी होते. नेसबिट आणि 1838 साली आलेले जॉन मरे मिचेल यांनी मुलांना बरोबर घेऊन नव्याने डाव मांडला. त्या काळच्या दोन्ही बाजूंच्या पत्रांत कडवटपणा पुष्कळ आहे. तो त्या पत्रांतच राहिलेला बरा.

बाहेरचा धक्का त्याहून तीव्र होता. 1843 सालीच नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहू लागला. प्रकरण न्यायालयात गेले. या वेळी निकाल उलटा लागला: श्रीपत अज्ञान आहे, त्याला बापाच्या स्वाधीन करावे. मुलगा घरी आला, पण परधर्मीयांकडे जेवलेल्याला जातीत घ्यायचे की नाही, यावरून ब्रह्मवृंदात रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू उचलून धरली आणि त्यापायी स्वतः टीकेचे धनी झाले. महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण पहिल्या काही पानांवर येते आणि त्याची सुरुवात आमच्या वर्गात झाली आहे.

नारायण शेषाद्रींचे पुढचे आयुष्य स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. ते पाळक झाले, जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले आणि 1873 साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत जाऊन भाषण केले. ज्या देशांतून मिशनरी इकडे येत, तिकडे जाऊन श्रद्धेविषयी बोलणारा हा आमचा विद्यार्थी. परदेशी मिशनचा रस्ता दुहेरी आहे, हे त्यांनी फार लवकर दाखवले.

1850 आणि 1860ची दशके : विद्यापीठ आणि दोन पाहुणे विद्यार्थी

बेळगावचे बाबा पदमनजी याच शाळेत शिकले. त्यांनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला आणि 1857 साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती शिकतो आणि शिकवतो. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रातून वर्गातले वातावरण आणि एका तरुणाची वर्षानुवर्षांची घालमेल कळते. शिक्षक विद्यार्थ्याला आपली श्रद्धा सांगतो तेव्हा विद्यार्थ्याच्या मनात काय चालते, हे आतून सांगणारे पुस्तक मराठीत बहुधा हे पहिलेच.

1855 साली नेसबिट पटकीने गेले. मरे मिचेल यांनी तुकाराममहाराजांच्या अभंगांचा अभ्यास करून त्यांची इंग्रजी भाषांतरे छापली. शिकवायला आलेला पाद्री वारकऱ्यांचा वाचक झाला, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला. त्यात पुढाकार अमेरिकन मिशनच्या जॉर्ज बोवेन यांचा होता, आमच्या संस्थेचा नव्हे. तरी आज चौपाटीकडे पाहताना त्या वादाची आठवण येतेच.

त्याच 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. ते आमच्याहून 25 वर्षांनी लहान. 1861 साली आमचे महाविद्यालय त्याला जोडले गेले आणि 1868 साली विल्सन त्याचे कुलगुरू झाले. एका मिशनरीला हे पद मिळावे, यातच तीस वर्षांपूर्वीचा क्षोभ किती निवळला होता ते दिसते.

या दशकातली आमची सर्वांत आवडती गोष्ट मात्र वेगळी आहे. 1864 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट आफ्रिकेहून समुद्रपार हाकीत मुंबईला आले. त्यांच्याबरोबर गुलामगिरीतून सोडवलेली दोन मुले होती, चुमा आणि विकाटानी. लिव्हिंग्स्टननी त्यांना विल्सन यांच्या शाळेत घातले. 1865 साली विल्सन यांनी दोघांना बाप्तिस्मा दिला आणि पुढच्या वर्षी दोघे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत परतले. 1873 साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांचा देह वाळवून, गुंडाळून, हजारांवर मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांचे म्होरके दोघे होते, सुसी आणि आमचा चुमा. त्या तांड्यात नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइटही होता. गिरगावात शिकलेल्या मुलाने लिव्हिंग्स्टनचा देह वेस्टमिन्स्टर अॅबीच्या वाटेला लावला, हे आमच्या किती माजी विद्यार्थ्यांना माहीत आहे?

1870 ते 1900 : चौपाटीवर

1 डिसेंबर 1875 रोजी विल्सन मुंबईत वारले. येऊन 46 वर्षे झाली होती. मायदेशी ते मोजक्याच वेळा गेले. त्यांच्या स्मरणार्थ विद्यापीठात भाषाशास्त्राची व्याख्यानमाला सुरू झाली आणि 1877 साली पहिली व्याख्याने डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दिली. मूर्तिपूजेवर कोरडे ओढणाऱ्या पाद्र्याच्या नावाने प्रार्थना समाजाच्या आधारस्तंभाने संस्कृत आणि प्राकृत भाषांवर बोलावे, यापेक्षा योग्य स्मारक कोणते?

1877 साली आलेल्या ड्यूगाल्ड मॅकिकन यांनी संस्थेचे आजचे रूप घडवले. जॉन अॅडम्स या वास्तुविशारदाने आखलेली चौपाटीवरची इमारत 1889 साली पूर्ण झाली आणि महाविद्यालयाला विल्सन यांचे नाव मिळाले. पैसा स्कॉटलंडमधून आला, तसा मुंबईतूनही आला. दगड घडवणारे, गाडीवान, बिगारी यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. मॅकिकन दोनदा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या काळात बाप्तिस्म्यांची संख्या नगण्य राहिली आणि तिकडे स्कॉटलंडमध्ये प्रश्न विचारले जाऊ लागले: इतके पैसे, इतकी माणसे आणि ख्रिस्ती किती झाले? शिक्षक मंडळींचे उत्तर असे की पीठ कसे आंबते ते मोजता येत नाही. काहींना ते उत्तर पटले, काहींना नाही. आमच्या मते उत्तर प्रामाणिक होते, पण अपुरे. विद्यार्थी येशूचे चरित्र आणि त्याची नीती आदराने घेऊन जात होते आणि चर्चच्या दाराशी थांबत होते. असे का, याचा विचार व्हायला हवा होता तितका झाला नाही.

1900 ते 1920 : दोन भारतरत्ने

दापोलीच्या एस.पी.जी. मिशन शाळेतून मॅट्रिक होऊन एक हुशार चित्पावन मुलगा विल्सनमध्ये आला. 1901 साली तो बी.ए. झाला. तो म्हणजे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ पाच खंडांत लिहिणारे पांडुरंग वामन काणे. दापोलीपासून हर्णै काही कोसांवर. जेथे विल्सन मराठी शिकले त्या मुलखातला मुलगा विल्सनच्या महाविद्यालयात शिकून धर्मशास्त्राचा सर्वमान्य अधिकारी झाला, हा योग कादंबरीकाराने रचला असता तर ओढूनताणून वाटला असता. त्यांना 1963 साली भारतरत्न मिळाले. मोरारजी देसाई याच दोन दशकांतले आमचे पदवीधर. त्यांना 1991 साली तो सन्मान मिळाला.

ऑगस्ट 1920 मध्ये लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले ते चौपाटीवर, आमच्या दारासमोर. त्याच वर्षी मॅकिकन निवृत्त झाले. एक युग संपले असे म्हणण्याची लेखकांना सवय असते. या वेळी ते खरेच होते.

1920 ते 1947

असहकार, सविनय कायदेभंग, चले जाव. चौपाटीवरच्या सभा वर्गातून ऐकू येत आणि विद्यार्थी तिकडे ओढले जात. प्राचार्य जॉन मॅकेन्झी यांनी 1922 साली ‘हिंदू एथिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. खंडनाचा सूर मागे पडून अभ्यासाचा सूर पुढे आल्याची ती खूण होती. 1929 साली स्कॉटलंडमधल्या विभक्त चर्चांचे पुनर्मीलन झाले आणि 1843 सालची जखम अखेर भरली. 1931 साली लिंडसे आयोगाने हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती महाविद्यालयांच्या हेतूचाच नव्याने विचार केला. सक्तीच्या बायबल तासाचे दिवस भरत आले होते.

स्वातंत्र्यानंतर

राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदाने प्रश्न निकाली काढला. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देता येत नाही. श्रीपत शेषाद्रीच्या खटल्यातला वयाचा आणि संमतीचा प्रश्न शंभर वर्षांनी सर्व देशासाठी सुटला. प्राचार्यपद भारतीयांकडे आले आणि परदेशी अध्यापक हळूहळू कमी झाले. 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि संस्थेचे स्कॉटलंडशी असलेले नाते मालकीचे न राहता स्नेहाचे झाले.

आज महाविद्यालयात कला आणि विज्ञान शाखांबरोबर नवे व्यावसायिक अभ्यासक्रमही आहेत. मुले विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने येतात. ख्रिस्ती विद्यार्थी थोडे, आणि बाकीच्यांतल्या पुष्कळांनी जॉन विल्सन हे नाव फक्त फाटकावर वाचलेले असते.

या इतिहासातली बरीच पाने अजून रिकामी आहेत, विशेषतः विद्यार्थिनी, शिपाई, प्रयोगशाळा सहायक आणि वसतिगृहातले स्वयंपाकी यांच्याबद्दलची. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुने वार्षिक अंक, गटफोटो, वह्या, शिक्षकांची पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत किंवा वाळवीच्या तोंडी न घालता महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पोहोचवावीत. फोटोच्या मागे पेन्सिलने नावे आणि साल तेवढे लिहून द्यावे.